म्युझिक व्हिडिओत भावना आणायची तर एडिट कसा करायचा? नव्याने शिकणाऱ्यांसाठी एकेक पायरी

म्युझिक व्हिडिओ एडिट करायला बसलेला नवीन माणूस बहुतेक वेळा सगळ्यात आधी ट्रान्झिशन पॅक शोधतो. ग्लिच, झूम, लाइट लीक, जे मिळेल ते डाउनलोड होतं आणि मग प्रत्येक बीटवर एक कट पडतो. दिसायला चकाचक दिसतं, पण गाणं संपल्यावर मनात काहीच उरत नाही. माझं मत अगदी स्पष्ट आहे, बघणाऱ्याला काय वाटणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, शॉट किती वेळ थांबला आणि नेमका कोणत्या क्षणी गेला. कलर, स्लो मोशन, इफेक्ट हे सगळं त्यानंतर. म्हणून खालच्या पायऱ्याही त्याच हिशोबाने लावल्यात, कटबद्दल भरपूर आणि इफेक्टबद्दल कमी.

वॉल्टर मर्च हे हॉलिवूडमधले नावाजलेले एडिटर, त्यांनी चांगला कट कसा ओळखायचा यासाठी सहा कसोट्या सांगितल्यात आणि प्रत्येकीला टक्केही दिलेत. भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे याला ७, आणि उरलेले ९ टक्के फ्रेममधली मांडणी आणि जागेचं सातत्य या दोघांत. म्हणजे बाकी पाचही गोष्टी एकत्र केल्या तरी भावनाच वरचढ. हे त्यांनी सिनेमासाठी सांगितलंय. गाण्याच्या व्हिडिओत लयीचं वजन वाढणार हे उघड आहे, पण ती भावनेच्या वर जात नाही, आणि दोघींत भांडण लागलं तर बाजू भावनेची घ्यायची.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक गाणं धरू. साडेतीन मिनिटांचं, ८० बीपीएम (मिनिटाला ८० बीट, म्हणजे ठोके), संथ. वडील गेल्यानंतर मुलगी त्यांची खोली आवरायला येते एवढीच गोष्ट. एक गायिका आहे, तिचा परफॉर्मन्स वेगळा शूट झालाय.

पायरी १: सॉफ्टवेअर बंद ठेवून गाणं ऐका

कागद-पेन घ्या आणि गाणं पाच-सहा वेळा ऐका, हेडफोन लावून, मोबाइल बाजूला ठेवून. मुखडा कुठे, अंतरा कुठे, मधला म्युझिक पीस किती लांब, हे टाइमसकट लिहा. मग प्रत्येक भागासमोर एक भावना लिहा, आणि इथे "दुःख" लिहून मोकळं व्हायचं नाही. दुःख फार मोठा शब्द आहे, त्यावरून एकही कट ठरत नाही. आपल्या उदाहरणात पहिला मुखडा म्हणजे खोलीत पाऊल टाकायची हिंमत न होणं, पहिला अंतरा म्हणजे वस्तू हाताळताना आठवून हसू येणं, म्युझिक पीस म्हणजे एकदम कोसळणं, दुसरा अंतरा म्हणजे राग, "असे कसे गेलात" वाला, आणि शेवटचा मुखडा म्हणजे खिडकी उघडून बसणं. एवढं कागदावर आलं की अर्धा एडिट झाला असं समजा, कारण आता प्रत्येक भागाचा वेग आणि रंग वेगळा का असणार याचं कारण तुमच्याकडे आहे.

अजून तीन गोष्टींवर खूण करा. गायिका श्वास घेते त्या जागा, एखादं वाद्य एकटंच वाजतं त्या जागा, आणि सगळं थांबतं त्या जागा. या तिन्ही सोन्यासारख्या आहेत, पुढे उपयोगी पडतील.

पायरी २: प्रोजेक्ट सेटअप, पटकन

एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन पुरतं, प्रीमियर प्रो किंवा फायनल कट असेल तर तेही छान, मोबाइलवरच्या एडिटिंग अॅपमध्येही यातलं बरंचसं होतं. टाइमलाइनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (एफपीएस), सुरुवातीलाच ठरवा, २४, २५ किंवा ३०, नंतर बदलायला गेलात तर सगळं विस्कटतं. गाण्याची शक्यतो वाव्ह फाइल घ्या. मोबाइलवर शूट केलेलं फुटेज बऱ्याचदा व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या फ्रेम रेटचं असतं आणि मग लिप सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, हळूहळू सरकत जातो, अशा वेळी हँडब्रेकसारख्या फ्री टूलमधून ते आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये काढून घ्यायचं.

गाणं टाइमलाइनवर टाकलं की प्ले करा आणि ऐकता ऐकता एम की दाबत मार्कर, म्हणजे खुणा, टाका, वर सांगितलेल्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये मार्करची की तीच आहे. प्रत्येक बीटवर नको, फक्त भाग बदलतो तिथे आणि कागदावर खूण केलेल्या जागांवर. वेगवेगळ्या भागांना वेगळे रंग द्या.

पायरी ३: फुटेज भावनेप्रमाणे लावा

लोक फोल्डर करतात ते "कॅमेरा १", "कॅमेरा २", "ड्रोन" असे. ठेवा तसे, पण त्यावर अजून एक वर्गवारी करा, पायरी १ मधल्या भावनांची. "हिंमत होत नाही", "आठवून हसू", "राग" असे बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले फोल्डर, बनवायचे आणि प्रत्येक क्लिप बघून जिथे बसेल तिथे टाकायची.

बघताना गाणं बंद ठेवा. गाणं चालू असलं की प्रत्येक शॉट चांगलाच वाटतो, संगीत त्याला उचलून धरतं. आणि पहिल्यांदा बघताना जिथे आत काहीतरी हललं तिथे लगेच मार्कर टाका, कारण पहिली प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही, तोच शॉट खूपदा बघून झाल्यावर तो तुम्हाला नुसता तुकडा वाटायला लागतो, आणि प्रेक्षक मात्र तो पहिल्यांदाच बघणार असतो.

क्लिपची दोन्ही टोकं नक्की बघा, "अॅक्शन" म्हणायच्या आधीचे काही सेकंद आणि "कट" म्हटल्यानंतरचे. कलाकार तेव्हा अभिनय करत नसतो. खांदे सैल पडतात, नजर कुठेतरी हरवते, कधी कधी संपूर्ण टेकमधला सगळ्यात खरा चेहरा तिथेच सापडतो.

पायरी ४: आधी सांगाडा

परफॉर्मन्सचे सगळे टेक गाण्याशी सिंक करून एकावर एक ट्रॅकवर लावा. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून सिंक करणं सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त शूटच्या वेळी कॅमेऱ्यात तिथलं गाणं रेकॉर्ड झालेलं हवं. मग फक्त परफॉर्मन्सचा एक पूर्ण कट करा, कथेला हातही न लावता. त्यानंतर दुसऱ्या टाइमलाइनवर फक्त कथेचा कट, परफॉर्मन्सशिवाय. दोन्ही तयार झाले की मिसळायचे. वेळ जास्त जातो हे मान्य, पण असं केल्यामुळे कथेचा शॉट "इथे टेक चांगला नव्हता म्हणून झाकायला" येत नाही, तो तिथे येतो कारण तो तिथे हवाय.

पायरी ५: कट कुठे द्यायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

आधी गणित. ६० भागिले बीपीएम म्हणजे एका बीटचे सेकंद. ८० बीपीएमला एक बीट पाऊण सेकंदाचा, २४ एफपीएसवर बरोबर १८ फ्रेम. चार बीटचा बार ३ सेकंदांचा, म्हणजे साडेतीन मिनिटांत ७० बार. प्रत्येक बारला एक कट दिला तर ७० शॉट, प्रत्येक बीटला दिला तर २८०. आणि गाणं दादऱ्यासारखं सहा मात्रांचं असेल तर चार-चारच्या हिशोबाने दिलेले कट विचित्र वाटणार, म्हणून आधी हाताने ठेका धरून सम कुठे येते ते ओळखा.

आता हे गणित बाजूला ठेवून ऐका. पाच-सहा कट सलग बीटवर पडले की मेंदूला पॅटर्न कळतो, पुढचा कट कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं, आणि जे आधीच माहीत आहे त्याने कुणी हलत नाही. गायक समेवर येतो तेव्हा जो आनंद होतो तो त्याआधी तो लांब भटकून आलेला असतो म्हणून होतो. कटचंही तसंच, समेवरचा कट राखून ठेवा. मोठा मुखडा सुरू होतो, ढोल किंवा ड्रम्स पहिल्यांदा येतात, एखादं सत्य उघड होतं, अशा जागी तो द्या म्हणजे तो लागेल.

मग बाकीचे कट कुठे? माझी आवडती जागा म्हणजे श्वास. गायिका ओळीच्या आधी श्वास घेते त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर कट द्या, ओळ सुरू व्हायच्या आधी. आपण तिच्याबरोबर श्वास घेतो आणि पुढची ओळ ती आपल्याला सांगतेय असं वाटतं. दुसरी जागा, ओळ संपल्यानंतर. नवीन एडिटर शेवटचा शब्द संपला की लगेच पळतात. थांबा, एक पूर्ण बार थांबा. शब्द संपल्यावर चेहऱ्यावर जे येतं, आवंढा गिळणं, नजर खाली जाणं, ते बघायलाच तर प्रेक्षक आलाय. तिसरी जागा पापणी. माणूस एक विचार संपला की पापणी मिटतो असं मर्च यांचं निरीक्षण आहे आणि एडिट टेबलवर ते खरंच कामाला येतं, पापणी मिटायच्या अलीकडे कट दिला तर विचार अर्धवट राहिल्याची बेचैनी येते, मिटून उघडल्यावर दिला तर गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. रागाच्या अंतऱ्यात पहिला प्रकार, शेवटच्या मुखड्यात दुसरा.

बीटवर द्यायचाच असेल तर कट बरोबर बीटवर, एक फ्रेम आधी, दोन फ्रेम आधी असे तिन्ही करून बघा. बऱ्याचदा एक-दोन फ्रेम आधीचा जास्त घट्ट वाटतो, नवीन चित्र डोळ्यात बसेपर्यंत ठोका येतो. शॉटच्या आत काही हालचाल असेल, दार आपटणं, हात टेबलावर पडणं, तर कट सोडा आणि ती हालचालच बीटवर आणा. कट कुणाला जाणवत नाही आणि ठेका मात्र शरीरात जातो.

शॉटची लांबी भाग बघून बदलायची. हिंमत न होण्याच्या मुखड्यात शॉट लांब, दोन-तीन बारचे, दारातली मुलगी, तिच्या हातातली किल्ली, इतकंच. म्युझिक पीसमध्ये कोसळताना लांबी कमी करत न्या, आठ बीट, चार, दोन, एक, आणि जिथे सगळ्यांना वाटतं की आता कटांचा पाऊस पडणार तिथे एकच स्थिर शॉट बारा सेकंद धरून ठेवा, जमिनीवर बसलेली ती. आधीची घाई आणि हा ठहराव या दोघांत जो फरक आहे तोच रडवतो, नुसता लांब शॉट सुरुवातीपासून असता तर कंटाळवाणा झाला असता.

नजरेचंही बघा. एका शॉटमध्ये चेहरा फ्रेमच्या उजवीकडे आहे आणि पुढच्या शॉटमध्ये महत्त्वाची वस्तू डावीकडे, तर डोळ्याला उडी मारावी लागते. हळव्या भागात ती उडी नको, नजर जिथे आहे तिथेच पुढची गोष्ट ठेवा, शॉट थोडा मोठा करून सरकवावा लागला तरी चालेल. रागाच्या भागात मुद्दाम उड्या मारायला लावा.

पायरी ६: कशाशेजारी काय

१९२० च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी एका नटाचा तोच एक निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला, सूपची वाटी, शवपेटीतली मुलगी आणि एक स्त्री. लोकांना त्या चेहऱ्यात भूक, दुःख आणि इच्छा दिसली असं सांगतात. चेहरा बदललाच नव्हता. याचा आपल्यासाठी अर्थ असा की कलाकार जोरात रडला नाही तरी बिघडत नाही, उलट बरंच आहे. शांत चेहरा घ्या, शेजारी वडिलांचा चष्मा ठेवा, परत चेहऱ्यावर या. बाकीचं काम प्रेक्षक स्वतः करतो, आणि स्वतः केलेलं त्याला जास्त लागतं.

इथे एक सवय मात्र मोडायला हवी. शब्दात "पाऊस" आला की पाऊस दाखवायचा, "वाट" आली की रस्ता, असं करू नका. शब्दांनी जे सांगितलं ते चित्राने परत सांगितलं तर दोन्ही कमकुवत होतात. ओळ म्हणते "तुम्ही नाही", चित्रात दाखवा की तिने सवयीने दोन कप काढले आणि एक परत ठेवला. आनंदी ओळीवर रिकामी खुर्ची, दुःखाच्या ओळीवर जुन्या व्हिडिओतलं हसणं, असा विरोध एक-दोनदाच वापरा पण वापरा जरूर.

पायरी ७: स्लो मोशन

याचा निर्णय शूटच्या आधी व्हायला हवा. ५० एफपीएसला शूट केलेलं २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने सुरळीत चालतं, १०० एफपीएसचं पाव वेगाने. २५ लाच शूट केलेलं निम्मं केलंत तर सेकंदाला साडेबाराच खऱ्या फ्रेम उरतात, बाकीच्या सॉफ्टवेअर एक तर रिपीट करतं किंवा ऑप्टिकल फ्लोने स्वतः बनवतं, आणि मग बोटं, केस, वेगाने हलणारे हात वितळल्यासारखे दिसतात. आणखी एक, जिथे विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे तिथे घरातल्या साध्या लाइटखाली ६० किंवा १२० ला शूट केलं तर फ्लिकर येऊ शकतो, ५० किंवा १०० सुरक्षित.

आता खास म्युझिक व्हिडिओची युक्ती. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, कॅमेरा ५० एफपीएसला ठेवा आणि गायिकेला त्या वेगात ओठ हलवायला सांगा. एडिटमध्ये निम्मा वेग केला की ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात, पण केस, कपडे, पापण्या सगळं संथ, जणू ती वेगळ्याच वेळेत गातेय. आठवणीच्या किंवा स्वप्नवत भागासाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. सराव मात्र भरपूर लागतो, शब्द पटापट म्हणायचे आणि चेहरा शांत ठेवायचा हे अवघड आहे, त्यामुळे संथ गाण्यातच करा.

सगळाच व्हिडिओ स्लो केला तर स्लो मोशनला काही अर्थ राहत नाही. आपल्या उदाहरणात मी ते फक्त पहिल्या अंतऱ्यातल्या जुन्या आठवणींना देईन, वर्तमानातले सगळे शॉट खऱ्या वेगाने. प्रेक्षकाला न सांगता कळतं की कोणता काळ चालू आहे.

पायरी ८: ट्रान्झिशन

साधा कट नव्वद टक्के जागी पुरतो. डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळत जाणं, याचा अर्थ वेळ गेला किंवा दोन गोष्टी मनात एकमेकींत मिसळल्या. अर्धा सेकंदाचा डिझॉल्व्ह बऱ्याचदा चुकून पडल्यासारखा दिसतो, त्यामुळे देताय तर एक पूर्ण बार द्या आणि मध्यावर दोन्ही चित्रं एकत्र कशी दिसतात ते थांबवून बघा, चेहऱ्यावर नेमकं काय येतंय ते. जंप कट बेचैनीसाठी उत्तम, रागाच्या अंतऱ्यात ती कपाट उपसतेय तिथे मधले मधले तुकडे उडवून टाका. मॅच कट एखादाच ठेवा, वडिलांचा हात कडीवर आणि तिचा हात त्याच कडीवर, तीच फ्रेम तोच कोन. पूर्ण काळी स्क्रीन हाही शॉटच आहे, सगळं थांबतं त्या जागी एक बीट काळं ठेवून बघा. फ्लॅश वापरत असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत, काही लोकांना त्याने झटका येऊ शकतो, हे गंभीरपणे घ्या.

पायरी ९: कलर

कट लॉक झाल्याशिवाय, म्हणजे पक्के ठरल्याशिवाय, कलरला हात लावायचा नाही. आधी सगळे शॉट एकसारखे करा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, त्यानंतर लूक. दुःख म्हणजे निळं हा शॉर्टकट टाळा, आधी कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन हलवून बघा. आठवणींचे भाग थोडे उबदार, काळा रंग किंचित उचललेला, वर्तमान थंड आणि फिकं, आणि शेवटच्या मुखड्यात खिडकी उघडल्यावर तीच ऊब वर्तमानात हळूहळू आणा, कीफ्रेम (सुरुवातीची आणि शेवटची सेटिंग ठरवणाऱ्या खुणा) लावून आठ-दहा सेकंदांत, म्हणजे कुणाच्या लक्षात न येता. त्वचेचा रंग वेक्टरस्कोपवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या रंग मोजणाऱ्या गोल आलेखावर, स्किन टोन लाइनच्या जवळ राहिला पाहिजे. माणूस आजारी दिसला की भावना तुटते.

पायरी १०: गाण्याआधीचा आवाज

गाणं सुरू व्हायच्या आधी पाच-दहा सेकंद खऱ्या जगाचा आवाज ठेवा, कुलपात किल्ली फिरणं, पंखा, पावलं. खोली खरी वाटायला लागते. मधल्या शांततेतही असा एखादा आवाज अगदी हळू टाकता येतो, पण त्यासाठी संगीतकाराची परवानगी घ्या, गाणं त्यांचं आहे.

पायरी ११: तपासणी आणि एक्सपोर्ट

एकदा गाणं म्यूट करून पूर्ण व्हिडिओ बघा. नुसत्या चित्रावरून कागदावरचा भावनांचा क्रम ओळखू येतो का? जिथे येत नाही तिथे संगीत एकटं ओझं वाहतंय, तिथे परत काम करा. मग एक-दोन दिवस फाइल उघडू नका. त्यानंतर अशा एखाद्याला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, काहीही न समजावता, आणि स्क्रीनकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो मोबाइलकडे कधी वळला, कुठे हलायचा थांबला, त्याचे टाइम लिहून ठेवा. "कसा वाटला" विचारू नका, "कोण गेलं आणि तिला शेवटी काय वाटलं" असं विचारा.

एक्सपोर्ट करताना एच.२६४ हा व्हिडिओ फॉरमॅट, टाइमलाइनचाच फ्रेम रेट, ऑडिओ मूळ वाव्हवरून. तयार फाइल मोबाइलवर, स्पीकर लावून आणि हेडफोनवर, दोन्ही प्रकारे पूर्ण बघा, ब्राइटनेस अर्धा ठेवून, कारण अंधारातले शॉट तिथेच गिळले जातात. लिप सिंक ब्लूटूथ हेडफोनवर तपासू नका, त्यात आवाज उशिरा पोचू शकतो आणि तुम्ही बरोबर असलेला सिंक बिघडवून बसाल, तारेचाच हेडफोन घ्या.